तारीख थंडीच्या भरवशावर छापलेली असते

वाचकांचे प्रश्न : दूधदुभतं

दुकानातल्या दूधदुभत्याबद्दलचे प्रश्न गेल्या अंकात मागवले होते. वेंगुर्ल्यापासून श्रीवर्धनपर्यंतची पत्रं आली. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की दूध शीतकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत मी ३१ वर्षं नोकरी केली. आता गुहागर तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहते आणि दूध गावातल्या दुकानातूनच आणते.

ताई, आमच्याकडे दुधाची गाडी पहाटे साडेचारला येते. ड्रायव्हर क्रेट दुकानाच्या ओट्यावर उतरवतो आणि पुढच्या गावाला जातो. दुकान उघडतं साडेसातला. पिशवीवर तारीख उद्याची असते, तरी आठवड्यातून एकदा तरी दूध तापवताना फाटतं. चव घेतली तर आंबटही लागत नाही. दुकानदार म्हणतो कंपनीचा दोष, कंपनीचा माणूस म्हणतो दुकानदाराचा. खरं कोणाचं? — एक गृहिणी, राजापूर तालुका

ताई, उत्तर तुमच्या पत्रातच आहे. साडेचार ते साडेसात. त्या तीन तासांची जबाबदारी कोणीच घेतलेली नाही.

डेअरीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात आणि लगेच ४ अंशांपर्यंत उतरवतात. एवढ्या उष्णतेने क्षयाचे, ब्रुसेलोसिसचे, टायफॉइडचे जंतू मरतात. उष्णता पुरेशी लागली की नाही हे पाहायला आम्ही फॉस्फटेजची चाचणी करायचो. कच्च्या दुधात हे विकर, म्हणजे एन्झाइम, असतं आणि नीट पाश्चरीकरण झालं की ते नाहीसं होतं. पण पाश्चरीकरण म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. काही चिवट जिवाणू आणि त्यांचे बीजाणू, म्हणजे उष्णता सोसणारी त्यांची झोपलेली रूपं, दुधात शिल्लक राहतातच. ४ अंशांवर ते गप्प पडून असतात, म्हणून दूध टिकतं. पिशवीवरची तारीख या थंडीच्या भरवशावर छापलेली असते. थंडी मोडली की त्या तारखेला अर्थ उरत नाही, मग ती उद्याची असो की परवाची.

अनुकूल ऊब मिळाली की काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे तीन तासांत नऊ वेळा दुप्पट, एकाचे ५१२. दूध ओट्यावर हळूहळू कोमट होतं, त्यामुळे वेग पहिल्या मिनिटापासून एवढा नसतो. पण मे महिन्यात आपल्याकडे पहाटेसुद्धा अंगाला घाम असतो. मागच्या मे महिन्यात आमच्या गावच्या ओट्यावर मी स्वतः मोजून पाहिलं. दोन पिशव्यांच्या मध्ये थर्मामीटर धरला, वरून पिशव्या दुमडून घट्ट दाबल्या आणि पाच मिनिटं थांबले. क्रेटच्या मधल्या पिशव्या १४ अंशांवर होत्या, कडेच्या २१ वर. एकाच क्रेटमधलं, एकाच तारखेचं दूध. तुमचं दूध रोज न फाटता आठवड्यातून एकदाच का फाटतं, त्याचं कारण बहुधा हेच. त्या दिवशी तुमच्या वाट्याला कडेची पिशवी आलेली असते.

आंबट न लागता फाटतं, यात नवल नाही. आंबटपणा जिभेला नीट कळण्याआधीच दूध उष्णता सोसेनासं होतं. शिवाय पाश्चरीकरणातून वाचलेल्या बीजाणूंपैकी काही असे असतात की ते दूध आंबवत नाहीत, पण त्यांच्या विकरांनी दूध फाटतं. अशा फाटलेल्या दुधाचं पनीर करू नका. घरी आपण चांगलं दूध लिंबू पिळून फाडतो, ती गोष्ट वेगळी. आपोआप फाटलेलं दूध झाडांना घाला.

आता उपाय. आमच्या दुकानदाराने बंद पडलेला जुना डीप फ्रीझर ओट्यावर आणून ठेवला. कॉम्प्रेसर गेलेला, पण पेटी आणि झाकण शाबूत. त्याला कुलूप लावलं आणि एक चावी ड्रायव्हरला दिली. रात्री दुकान बंद करताना तो बर्फ झालेल्या पाण्याच्या दहा-बारा बाटल्या त्यात टाकून ठेवतो. पहाटे ड्रायव्हर क्रेट उचलून पेटीत ठेवतो, झाकण लावतो, कुलूप घालतो. अर्धा मिनिट जास्त लागतो. आठ दिवसांनी मी परत थर्मामीटर घेऊन गेले तेव्हा कडेच्या पिशव्यासुद्धा ८ अंशांच्या आत होत्या. यासाठी विजेचं बिल वाढलं नाही की कंपनीला पत्र लिहावं लागलं नाही. तुमच्या दुकानदाराला हा अंक नेऊन दाखवा.

पिशवीतलं दही फुगलेलं होतं. दुकानदार म्हणाला, दही जिवंत असतं, फुगणारच. खाल्लं तर चालेल का? — सावंतवाडी

नाही. विरजणातले जिवाणू पिशवी टम्म फुगेल एवढा वायू करत नाहीत. फुगलेली पिशवी म्हणजे आत यीस्ट वाढलंय किंवा कोलिफॉर्म, म्हणजे अस्वच्छ पाण्यातून आणि हातांतून येणारे जिवाणू. परत द्या. दह्यावर बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच काढून खालचं खाऊ नका. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

गणपतीला चाकरमानी येतात, पाच-सहा किलो खवा लागतो. तालुक्याच्या दुकानात तो उघड्या परातीत असतो. वास घेऊन, चाखून घेतला तर पुरे का? आणि तसाही आम्ही तो साखर घालून पुन्हा भाजतोच, मग जंतू राहतील कसे? — संगमेश्वर

या पत्रावर मी दोन दिवस बसले, कारण याचं उत्तर मला घरच्या अनुभवातून मिळालंय.

माझ्या भावाकडचा गणपती. आदल्या दिवशी दुपारी घाटावरून एस.टी.ने खवा आला, टोपलीत, वर ओला फडका. संध्याकाळी तो मीच चाखला. गोड, दाणेदार, कसलाही वास नाही. 'उत्तम आहे' म्हणून मीच सांगितलं. रात्री पाऊस, लाईट गेलेली, खवा स्वयंपाकघरात फळीवरच राहिला. सकाळी वहिनीने साखर घालून चांगला भाजला आणि पेढे वळले. आरती झाल्यावर प्रसाद वाटला. तीन तासांच्या आत घरातली सात माणसं ओकत होती. सगळ्यांत धाकटा, माझा भाचा, चार वर्षांचा. संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, त्याला सलाईन लावावं लागलं. वाचला. पण त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मी जे मनाशी ठरवलं, त्यातूनच हे सदर आलंय.

घडलं असं. खवा करताना दूध तासभर उकळतं, तेव्हा जवळपास सगळे जंतू मरतात. मग तो थंड होतो आणि त्याला हात लागतात, काढताना, तोलताना, बांधताना. माणसाच्या नाकात, त्वचेवर, बोटाच्या पिकलेल्या जखमेत स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू असतो. उबदार खव्यात तो झपाट्याने वाढतो आणि वाढताना एक विष सोडतो. भाजल्यावर जिवाणू मरतो, विष मरत नाही. उकळून, भाजून, तळून ते जात नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणून खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात आणि खव्याला कोणी नावं ठेवत नाही, कारण तो 'छान लागत होता'.

वास आणि चव यांनी शिळा, आंबलेला, बुरशी धरलेला खवा कळतो. विषारी खवा कळत नाही. तेव्हा नाकावर भरवसा ठेवू नका. दुकानदाराला विचारा, कधी आला आणि रात्री कुठे ठेवला होता. या दोन प्रश्नांची उत्तरं तो न अडखळता देत नसेल तर घेऊ नका. परातीतला घेऊ नका, फ्रीजमधून काढून देईल तो घ्या. मोठ्या तुकड्याच्या मधला भाग हाताला गार लागला पाहिजे. घरी आणल्यावर फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवायचा. त्याहून बरं म्हणजे सणाच्या आदल्या दिवशी दूध घरी आटवा. पाच किलो होत नसेल तर एक किलो करा आणि बाकी नैवेद्याला उकडीचे मोदक आहेतच. त्यात नारळ-गूळ, तोही त्याच दिवशी खोवलेला.

सुट्या मिठाईच्या परातीसमोर 'कधीपर्यंत खावी' याची तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. दुकानात पाटी नसेल तर मागा. मी मागते. सुरुवातीला लोक माझ्याकडे बघायचे, आता माझ्या मागे उभ्या असलेल्या बायका पण मागतात.

ताई, माझं मालवणात छोटं दुकान आहे. दूध, दही, पनीर, आइस्क्रीम ठेवतो. पावसात लाईट कधी दोन तास जाते, कधी रात्रभर. जनरेटर परवडत नाही. माल फेकायचा तरी किती? लोकांना वाईट माल द्यायची इच्छा नाही. नेमकं काय करू?

दादा, तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. हा प्रश्न विचारणारे दुकानदार मला फार थोडे भेटले.

आधी एक थर्मामीटर घ्या, फ्रीजमध्ये ठेवायचा साधा, फार महाग नसतो. फ्रीजवरचा एक-ते-पाच आकड्यांचा खटका म्हणजे तापमान नव्हे. थर्मामीटर मधल्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात उभा ठेवा, म्हणजे दार उघडलं की काटा उड्या मारणार नाही. ५ अंशांच्या आत असायला हवं. दिवसातून तीनदा बघा आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीतच बाजूला आकडा लिहा.

लाईट गेली की दार उघडायचं नाही. बंद दाराचा फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. ठासून भरलेला डीप फ्रीझर दोन दिवस, अर्धा रिकामा असेल तर एक दिवस. म्हणून फ्रीझरमधली रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवा. लाईट जाऊन तासभर झाला आणि येण्याचं चिन्ह नसलं, की बर्फ झालेल्या त्या बाटल्यांपैकी निम्म्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात सरकवा. एकदाच, झटकन. गिऱ्हाईक आलं तर सांगा, लाईट आल्यावर या. लोक समजून घेतात. न सांगता दिलेलं मात्र विसरत नाहीत.

फेकायचं काय? लाईट आल्यावर थर्मामीटर बघा. ५ ते ८ च्या दरम्यान असेल तर दूध आणि पनीर त्याच दिवशी विकून टाका, 'आजच वापरा' असं तोंडाने सांगून. आठच्या वर किती वेळ होतं हे कळत नसेल तर पनीर पहिलं बाजूला काढा. पनीर ओलं असतं, आंबट नसतं आणि कापताना त्याला सुरी, पाट, हात सगळं लागलेलं असतं. दही सोसतं, त्याचा आंबटपणा त्याला राखतो. लोण्यापेक्षा तूप सोसतं, कारण तुपात पाणी जवळपास नसतंच आणि पाण्याशिवाय जिवाणू वाढत नाहीत. तूप फ्रीजमध्ये ठेवून जागा अडवू नका. आइस्क्रीम एकदा पातळ झालं की पुन्हा गोठवून विकायचं नाही. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, थांबतात. हेच उरलेल्या दुधाच्या पिशव्या फ्रीझरमध्ये टाकून चार दिवसांनी काढणाऱ्यांनाही लागू.

समुद्राजवळच्या दुकानाला आणखी एक दुखणं असतं. खारी हवा फ्रीजच्या मागची जाळी खाते. तिच्यावर गंज आणि धूळ बसली की मशीन रात्रंदिवस चालतं आणि तरी गार करत नाही. महिन्यातून एकदा प्लग काढून मऊ ब्रशने जाळी झाडा. दाराचं रबर सोड्याच्या पाण्याने पुसा, आपल्या दमटपणात तिथे काळी बुरशी धरते. रबर धरतं की नाही हे बघायला कागदाचा तुकडा दारात अडकवून ओढा. सहज निघाला तर रबर बदला.

आणि एक मागणं. काही दुकानांत बिल वाचवायला रात्री फ्रीजचं बटण बंद करतात. सकाळी सहाला चालू केलं की आठपर्यंत सगळं पुन्हा गार लागतं, कोणाला कळत नाही. तुम्ही तसं करत नसाल, तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. पण ओळखीत कोणी करत असेल तर त्याला थांबवा. गार झालेलं दूध ताजं होत नाही, रात्रीत वाढलेले जिवाणू सकाळच्या थंडीने कमी होत नाहीत.

ज्या वाडीत लाईटचा काहीच नेम नाही तिथे पिशवीऐवजी टेट्रापॅक ठेवा. ते दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक डब्यात भरलेलं असतं. न उघडता ते फ्रीजबाहेर काही महिने टिकतं. उघडल्यावर मात्र ते साधं दूध झालं, फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचं.

बंदरावर लस्सी-ताकाची गाडी लागते. बर्फ मासळीच्या गाडीवरून घेतात असं मुलगा सांगतो. ताक आंबट असतं ना, मग काही होत नाही ना? — हर्णै

मुलगा खरं बघतोय. मासळीसाठीचा बर्फ कुठल्या पाण्याचा, कुठल्या फरशीवरून ओढत आणला, याला काही धरबंध नसतो, कारण तो पोटात जायचाच नसतो. महाराष्ट्रात २०१८ पासून न खायच्या बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं केलंय, ते याचसाठी. बंदरावरच्या लादीकडे निरखून बघा, निळसर झाक असेल तर तो बर्फ पेल्यात येता कामा नये. पांढरा दिसला म्हणजे खाण्याचाच, असंही समजू नका. ताकाचा आंबटपणा काही जंतूंना रोखतो, काविळीच्या विषाणूला नाही. बर्फाशिवाय मागा, आणि ताकात पाणी कुठलं घातलंय तेही विचारा.

सून सात महिन्यांची गरोदर आहे. मुंबईहून आलीय. तिच्या मैत्रिणीने सांगितलं, गावाला कच्चं धारोष्ण दूध पी, ताकदीचं असतं. आमची स्वतःची गाय आहे, निरोगी आहे. द्यावं का? — कणकवली

देऊ नका, काकी. गाय निरोगी दिसते आणि तरी तिच्या दुधात ब्रुसेला असू शकतो. माणसाला त्याने महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप लागतो, सांधे धरतात, आणि गरोदरपणात गर्भपाताचा धोका असतो. दुसरा लिस्टेरिया. तो तर फ्रीजच्या थंडीतही वाढतो, त्यामुळे कच्चं दूध फ्रीजमध्ये ठेवलं म्हणून भागत नाही. दोन्ही जंतू उकळल्याने मरतात. उतू यायला लागलं की आच मंद करा आणि पळीने ढवळत दोन-तीन मिनिटं उकळू द्या. झाकून, पटकन गार करून, फ्रीजमध्ये. दुधातलं प्रथिन, कॅल्शियम उकळल्याने कुठे जात नाही. ताकद त्यातच आहे. पिशवीचं दूधही तिला उकळूनच द्या. गारव्याची साखळी आपल्याकडे किती तुटते हे वर लिहिलंच आहे.

दुकानाने दिलेलं पनीर बुळबुळीत निघालं. परत घेत नाही म्हणतो. तक्रार कुठे करायची? — रत्नागिरी

पिशवी फेकू नका. पनीर तसंच पिशवीसकट डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, बिल जपून ठेवा, पाकिटावरची तारीख, बॅच आणि १४ आकडी परवाना क्रमांक दिसेल असा फोटो काढा. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यवसायाची नोंदणी. तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी द्या किंवा 'फूड सेफ्टी कनेक्ट' या अ‍ॅपवर.

एक गोष्ट मात्र बहुतेकांना माहीत नसते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ च्या कलम ४० नुसार साध्या गिऱ्हाइकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. १४ दिवसांत अहवाल मिळायला हवा. नमुना निकृष्ट निघाला तर फी परत मिळते. अट अशी की तपासणीसाठी घेतोय हे खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावं लागतं. म्हणजे या बुळबुळीत पाकिटाला ते लागू होणार नाही, पण पुढच्या वेळी होईल. दोन माणसं सोबत घेऊन जा, नमुना बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. वाटेत तो गरम झाला तर दुकानदार म्हणेल, तुमच्याच हातात खराब झाला, आणि त्याचं म्हणणं खोडता येणार नाही.